शिंगटी हातात घेऊन नाव ठरवताना: मिस्टस प्रजातीतला मासा ओळखण्याची टप्प्याटप्प्याची पद्धत

नदीतल्या माशांच्या बहुतेक याद्यांमध्ये मिशावाल्या लहान माशांची दोनच नावे पुन्हा पुन्हा येतात. अंगावर पट्टे दिसले की मिस्टस व्हिटॅटस आणि मिशा लांब असल्या की मिस्टस कॅव्हॅसियस. मासा पाहून नाव ठरण्याऐवजी नाव आधी ठरते आणि मासा त्यात बसवला जातो. या प्रजातीत चाळीसहून अधिक जाती आहेत, टायग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यापासून जावा-बोर्निओपर्यंत त्या पसरल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जाती वरवर पाहता एकसारख्याच दिसतात. म्हणून कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे इथे फार महत्त्वाचे आहे. रंग, मिशा आणि स्थानिक नाव या तीन गोष्टींवरून सुरुवात केली की पुढचे सगळे चुकत जाते.

सुरुवातीलाच शब्दांचा घोळ मिटवू. मराठी प्राणिशास्त्रात ‘कुल’ हा मोठा गट, त्याच्या पोटात ‘प्रजाती’ आणि प्रजातीच्या पोटात ‘जाती’. वर्तमानपत्रे जातीलाच प्रजाती म्हणतात. इथे तसे केलेले नाही. मिस्टस ही प्रजाती, गुलिओ ही तिच्यातली जाती आणि बॅग्रिडी हे दोघांचे कुल.

टप्पा १: नदीवर जाण्याआधी

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून मासा उचलायचा असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी हातात हवी. धरणाच्या जलाशयांत मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांना सांगूनच पाण्यात उतरा. अनेकदा उत्तम मार्ग म्हणजे पहाटे जाळी उचलणाऱ्या भोई किंवा कोळी मंडळींकडून, त्यांच्यासमोर निवडून, मासे विकत घेणे. शहरातल्या मंडईतला मासा घेऊ नका. तिथे वेगवेगळ्या नद्यांचा आणि परराज्यांतला माल एकाच टोपलीत येतो, आणि कुठला मासा हे ठाऊक नसेल तर निम्मी ओळख तिथेच हरवते.

सोबत घ्यायचे सामान:

- पांढरा आणि काळा असे दोन उथळ ट्रे, मिलिमीटरची पट्टी
- बारीक चिमटा, टोकदार सुया, दहा पटींचे भिंग, छोटी टॉर्च
- ०.१ मिमीपर्यंत वाचता येणारे कॅलिपर
- २ मिलीच्या झाकणबंद कुप्या, ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉल
- १० टक्के फॉर्मॅलिन, रुंद तोंडाचा डबा, नायट्राइल हातमोजे
- जाड सुती कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल

बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी इथेनॉलमध्ये धुऊन जाते. पेन्सिल किंवा जलरोधक काळी शाईच वापरा. चिठ्ठी बाटलीच्या आत, माशाबरोबर असायला हवी. बाहेर चिकटवलेली कधी गळून पडेल याचा नेम नाही.

चिठ्ठीवर तारीख, नदी, गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, जाळ्याचा प्रकार, गोळा करणाऱ्याचे नाव आणि नमुना क्रमांक लिहा. नुसते ‘उजनी’ लिहून भागत नाही. भीमेवरच्या या धरणाचे पाणी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरले आहे.

सावध: छातीवरचे आणि पाठीवरचे काटे उभे राहून अडकतात आणि मागच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. जाळ्यात गुंतलेला मासा ओढू नका. जाळ्याचा धागा कापा. काटा टोचला तर तुकडा आत राहिला आहे का ते पाहा, जखम धुवा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. तुकडा राहिला असेल, सूज वाढत असेल किंवा धनुर्वाताची लस जुनी असेल तर डॉक्टरांकडे जा.

टप्पा २: मासा हाती आल्यावरची पहिली पंधरा मिनिटे

पट्टे, खांद्यावरचा ठिपका, पोटाची छटा हे सगळे मेल्यानंतर झपाट्याने बदलते आणि फॉर्मॅलिनमध्ये तर ओळखू येत नाही. त्यामुळे आधी फोटो.

एका ठिकाणाहून वेगवेगळ्या आकारांचे पाच ते दहा मासे पुरेत. एकाच माशावर नाव ठरवले की पिल्लू आणि मोठा, नर आणि मादी यांतला फरक जातीतला फरक वाटू लागतो. पिल्लांचे डोळे आणि मिशा अंगाच्या मानाने मोठ्या असतात. नराच्या गुदपक्षापुढे (पक्ष म्हणजे माशाचा पर; गुदपक्ष म्हणजे गुदद्वारामागचा पर) लांबट जननांकुर असतो, मादीत तो तसा नसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते वेगळ्या जातीचे लक्षण वाटते.

मासा जिवंत असेल तर त्याला शांतपणे मारा. लवंगतेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून १ भाग तेल ९ भाग इथेनॉलमध्ये आधी घोळा, मग हे मिश्रण दर लिटर पाण्याला ४ मिली टाका. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही मासा आणखी दहा मिनिटे त्यातच राहू द्या.

फोटो पाच हवेत:

१. डावी बाजू, तोंड डावीकडे, सगळे पक्ष पसरलेले, पट्टी चौकटीत.
२. वरून डोके, नाकापासून पृष्ठपक्षाच्या (पाठीवरच्या पक्षाच्या) काट्यापर्यंत.
३. खालून हनुवटी, मिशा मोजता येतील अशी.
४. पृष्ठपक्षाच्या शेवटापासून वसापक्षाच्या सुरुवातीपर्यंतचा पाठीचा भाग, जवळून.
५. उजव्या बाजूचा एक, दुखापत असल्यास पुढे कळावे म्हणून.

वसापक्ष म्हणजे पाठीवर मागच्या बाजूला असलेला, काटा किंवा किरण (पक्षाला आधार देणारी बारीक काडी) नसलेला मऊ मांसल पक्ष. मिस्टसच्या ओळखीत त्याला फार मोल आहे, आणि बहुतेकांच्या संग्रहात नसतो तो नेमका चौथा फोटो. मासा पाण्याने भरलेल्या ट्रेमध्ये ठेवून फोटो काढा. कोरड्या माशावर चकाकी येते आणि वसापक्ष अंगाला चिकटून बसतो.

फोटो झाल्यावर, फॉर्मॅलिनला हात लावण्याआधी, उजव्या बाजूच्या मांसाचा तांदळाएवढा तुकडा इथेनॉलच्या कुपीत टाका. कुपीचा आणि माशाचा क्रमांक एकच असावा. चोवीस तासांनी इथेनॉल बदला आणि कुपी उणे २० अंशांत ठेवा. एकदा फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या माशातून डीएनए काढणे अवघड होऊन बसते. हा क्रम उलटा झाला की दुरुस्त करता येत नाही.

तपासा: डावी बाजू अखंड आहे ना? मोजमापे डावीकडून घेतात, म्हणून मांस, पोटाची चीर, कल्ला, जे काही कापायचे ते उजवीकडूनच.

टप्पा ३: मासा टिकवणे

बाजारात मिळणारे फॉर्मॅल्डिहाइड ३७ ते ४० टक्क्यांचे असते. त्याचा १ भाग आणि पाणी ९ भाग म्हणजे १० टक्के फॉर्मॅलिन. ते आम्लधर्मी राहिले तर हाडे आणि काट्यांचे दाते झिजतात. दर लिटरला सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम घाला. काम उघड्या हवेत, हातमोजे घालूनच करा. वापरलेले फॉर्मॅलिन मोरीत ओतू नका. प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्या.

मासा थर्मोकोलवर सरळ ठेवा, पक्ष पसरून बाजूंना टाचण्या लावा आणि ब्रशने पक्षांवर फॉर्मॅलिन लावा. काही मिनिटांत ते ताठ होतात. मिशा अंगाला समांतर, मागे सरळ ठेवा. मग मासा द्रावात सोडा. द्राव माशांच्या आकारमानाच्या निदान दहापट हवा. १० सेंटिमीटरहून मोठ्या माशाच्या पोटाला उजवीकडून छोटी चीर द्या, नाहीतर आतून कुजतो. लहान माशाला तीन ते पाच दिवस, मोठ्याला सात ते दहा. नंतर दोन दिवस पाणी बदलत धुवा, एक दिवस ५० टक्के इथेनॉल आणि शेवटी कायमचा ७० टक्क्यांत. ९५ टक्के इथेनॉल असेल तर ७३७ मिली घेऊन पाण्याने एक लिटर करा.

नेहमीची चूक म्हणजे अरुंद बाटलीत मासा दुमडून भरणे. शेपूट वाकडी घट्ट झाली की लांबी चुकते, आणि लांबीवर उभी असलेली सगळी प्रमाणे तिच्याबरोबर चुकतात.

टप्पा ४: आधी कुल

इथून खरी ओळख सुरू होते, आणि इथेच लोक उडी मारून जातीवर जातात. स्थानिक नाव या टप्प्यावर पूर्ण बाजूला ठेवा. दख्खनमध्ये शिंगाळा म्हणजे स्पेराटा हा नदीतला मोठा मासा, तर कोकणच्या किनाऱ्यावर शिंगाळा म्हणतात समुद्रातल्या एरिडी कुलातल्या माशाला. शिंगटी आणि शिंगी ही नावेही अशीच एकमेकांत मिसळतात.

पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारा:

- वसापक्ष आहे का? नसेल तर हा मिस्टस नव्हे. वालॅगो आणि ओम्पॉक यांना वसापक्ष नसतो, गुदपक्ष मात्र लांबलचक असतो. शिंगी म्हणजे हेटेरोप्न्यूस्टिस आणि मागूर म्हणजे क्लॅरियस यांचेही तेच; मागुराचा तर पृष्ठपक्षही जवळजवळ शेपटीपर्यंत जातो.
- मागच्या नाकपुडीला मिशी आहे का? बॅग्रिडीत असते. एरिडीत नसते. खाडीतल्या माशांसाठी हा एकच प्रश्न निम्मा गोंधळ संपवतो.
- छातीखाली चिकटून राहण्यासाठी घड्यांची चकती आहे का? असेल तर तो डोंगरी ओढ्यातला ग्लिप्टोथोरॅक्स.
- पृष्ठपक्ष आखूड, मजबूत काट्याचा, वसापक्ष ठळक, गुदपक्ष आखूड, आणि अंगावर खवले नाहीत? मग बॅग्रिडी.

टप्पा ५: मग प्रजाती

महाराष्ट्राच्या नद्यांत बॅग्रिडी कुलातल्या चार प्रजाती एकमेकींशी गल्लत करायला लावतात: मिस्टस, स्पेराटा, रीटा आणि हेमीबॅग्रस. त्यांना वेगळे करायला दोन जागा पाहायच्या: हनुवटी आणि डोक्याचा मागचा भाग.

हनुवटीखालच्या मिशा मोजा. मिस्टसला एकूण चार जोड्या: नाकपुडीची एक, वरच्या जबड्याची एक आणि हनुवटीखालच्या दोन. रीटाला हनुवटीखाली एकच जोडी असते. घोगरा हा रीटा. नाकपुडीची मिशी बारीक आणि मागे झोपलेली असते. भिंगाखाली सुईने उचलून पाहिल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नका.

आता डोक्याच्या मागे. कवटीच्या मागच्या कडेपासून हाडाचा एक निमुळता फाळ पृष्ठपक्षाच्या दिशेने जातो. पृष्ठपक्षाच्या बुडाशीही हाडाची एक पट्टी असते. फाळ आणि ही पट्टी यांच्या मध्ये हाडाची वेगळी, सुटी लांबट ढाल असेल तर तो स्पेराटा, म्हणजे नदीतला शिंगाळा. मिस्टसमध्ये ही सुटी ढाल नसते. मासा ओला असताना ती कातडीखाली दिसत नाही. कागदाने डोके टिपून कोरडे करा आणि सुईचे टोक हलक्या हाताने पुढून मागे फिरवा. हाडाच्या कडांवर सुई दोनदा अडखळली तर ढाल आहे.

शिंगाळ्याचे लहान पिल्लू हमखास मिस्टस म्हणून नोंदवले जाते, कारण दोघांनाही चार जोड्या मिशा. शिंगाळ्याच्या वसापक्षाच्या मागच्या टोकाशी काळा ठिपका असतो, पण विसंबायचे ते ढालीवर. ठिपक्याने संशय घ्या, ढालीने खात्री करा.

हेमीबॅग्रसचे डोके रुंद आणि चपटे असते. कृष्णेच्या खोऱ्यातला हेमीबॅग्रस मेडेली मीटरभराहून मोठा होतो. १९८८ साली त्याला मिस्टस कृष्णेन्सिस हे नाव दिले गेले होते. आता ते १९६४ च्या मेडेली या नावात विलीन मानले जाते. म्हणून जुन्या यादीतला ‘मिस्टस कृष्णेन्सिस’ नवीन यादीत मिस्टसखाली उतरवू नका.

आणि डोक्यावरची खाच. मिस्टसच्या कवटीच्या माथ्यावर मधोमध लांब खाच असते. दालन अंधारे करून टॉर्च माशाच्या बाजूने, अगदी आडवी धरा. वरून उजेड टाकला तर खाच सपाट दिसते, तिरप्या उजेडात तिची सावली पडते. खाच कुठपर्यंत जाते ते लिहा; पुढच्या टप्प्यांत उपयोगी पडेल.

तपासा: वसापक्ष हो, नाकपुडीची मिशी हो, हनुवटीखाली दोन जोड्या हो, सुटी ढाल नाही, डोके चपटे-रुंद नाही. पाचही उत्तरे अशीच असतील तरच मिस्टस. एक जरी अडले तर थांबा, पुढे जाऊ नका.

टप्पा ६: मोजणे आणि गणणे

सगळी मापे कॅलिपरने, एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत सरळ. अंगाच्या गोलाईवरून दोरा फिरवून घेतलेले माप कामाचे नाही. ताज्या आणि टिकवलेल्या माशांची मापे एका तक्त्यात मिसळू नका. टिकवलेला मासा आक्रसतो.

प्रमाण लांबी म्हणजे तोंडाच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या हाडाच्या शेवटापर्यंत. शेपूट हलकेच वाकवली की तिथे घडी पडते, ती जागा. पुच्छपक्ष त्यात धरत नाहीत. इथे होणारी चूक किती महागात पडते ते पाहा: प्रमाण लांबी ८४ मिमी, डोके २२ मिमी, तर डोके २६.२ टक्के. त्याच माशाची शेपटीसकट लांबी १०५ मिमी धरली तर डोके २१ टक्के होते. एवढ्या फरकात जात बदलते.

किमान ही मापे घ्या: डोक्याची लांबी, डोळ्याचा व्यास, दोन डोळ्यांमधले अंतर, गुदद्वाराशी अंगाची उंची, शेपटीच्या दांड्याची लांबी आणि उंची, पृष्ठपक्षाच्या काट्याची लांबी, अंसपक्षाच्या (छातीवरच्या पक्षाच्या) काट्याची लांबी, वरच्या जबड्याच्या मिशीची लांबी. आणि दोन मापे कधीही वगळू नका: वसापक्षाच्या बुडाची लांबी, आणि पृष्ठपक्षाचा शेवट ते वसापक्षाची सुरुवात हे अंतर.

मिशी मोजण्याआधी टोक भिंगाखाली पाहा. अखंड मिशी केसासारखी निमुळती होत संपते. तुटलेली बोथट असते. दोन्ही बाजूंच्या तुटल्या असतील तर ‘तुटलेली’ असे लिहा, आकडा लिहू नका.

किरण गणताना पृष्ठपक्षाच्या मोठ्या काट्याच्या बुडाशी कातडीखाली दडलेला छोटा काटा विसरू नका. त्यामागे फाटे फुटलेले सात किरण. श्रोणिपक्षात (पोटाखालच्या पक्षात) एक साधा आणि पाच फाटलेले. गुदपक्षाचे शेवटचे दोन किरण एकाच बुडातून निघत असतील तर ते एक धरायचे; सुरुवातीचे बारके किरण मात्र कातडीत लपलेले असतात, सुईने कातडी ताणून ते मोजा.

कल्ल्याची पहिली कमान उजवीकडून कापून काढा, पाण्याच्या बशीत ठेवा आणि तिच्यावरचे दाते भिंगाखाली मोजा, अगदी खुंटासारखे राहिलेलेही. मिस्टसमध्ये हा आकडा ११ ते ३० च्या दरम्यान असतो. वेळखाऊ काम आहे, म्हणून बहुतेक जण टाळतात. पण रंग गेलेल्या माशात नेमके हेच लक्षण उरते. एक्स-रेची सोय असेल तर मणकेही मोजा. एकूण ३७ ते ४६ असतात.

टप्पा ७: जाती

आता वसापक्षाकडे परत या, आणि रंग शेवटी पाहा.

वसापक्ष पृष्ठपक्षाच्या लगेच मागून सुरू होतो आणि लांब आहे. इथे दोन नावे समोर येतात. वरच्या जबड्याच्या मिशा मोठ्या माशात शेपटीच्या बुडापलीकडे पोचतात, अंग चंदेरी करडे, पृष्ठपक्षाच्या काट्याच्या बुडाशी गडद डाग: हा कॅव्हॅसियस गट. मिशा आखूड, अंगावर दोन फिकट आडवे (डोक्याकडून शेपटीकडे जाणारे) पट्टे, खांद्यावर गडद ठिपका: मिस्टस ब्लीकेरी.

कॅव्हॅसियसवर जरा थांबायला हवे. हे नाव हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या बाजूच्या माशाला दिले आणि नंतर ते भारतभर, ब्रह्मदेशापर्यंत सरसकट वापरले गेले. २००५ मध्ये हा गट तपासला तेव्हा ब्रह्मदेशातला मासा मिस्टस फाल्केरियस ही नवीन जाती ठरला. दख्खनच्या माशाला तर कर्नल साइक्सने १८३९ मध्येच नाव दिले होते, आणि तेही इथल्याच भाषेतून घेऊन: ‘सीन्गटी’, म्हणजे आपली शिंगटी. मिस्टस सीन्गटी ही आज वैध जाती मानली जाते. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात लांब मिशांचा, लांब वसापक्षाचा मासा मिळाला तर जुन्या यादीतून कॅव्हॅसियस उतरवू नका. आधी सीन्गटीच्या वर्णनाशी ताडून पाहा.

साइक्सच्या नावांत आणखी एक फसवी जागा आहे. त्याने कटर्णा या मराठी नावावरून ‘कुतुर्नी’ हे नाव ज्या माशाला दिले तो आज रीटा प्रजातीत आहे. कटर्णा, कटिर्णा हे नाव मात्र आता मिस्टसलाही सर्रास वापरले जाते. शास्त्रीय नावात मराठी शब्द दिसला म्हणून त्याच नावाचा आजचा मासा तोच, असे धरू नका.

वसापक्ष लहान, पृष्ठपक्षापासून बराच मागे, मध्ये मोकळी पाठ. अंगावर आडवे पट्टे, खांद्यावर ठिपका. हा व्हिटॅटस गट. ब्लॉकने १७९४ मध्ये हे नाव तमिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या माशाला दिले. उत्तरेतला पट्टेवाला टेंगारा याच्याशी गल्लत होते. टेंगाराचा वसापक्ष लांब असतो आणि डोक्यावरची खाच फाळाच्या बुडापर्यंत पोचते. व्हिटॅटसमध्ये वसापक्ष लहान आणि खाच त्याआधीच संपते. तिरपा उजेड इथे कामी येतो.

पट्ट्यांवर विश्वास किती ठेवायचा याचे उदाहरण श्रीलंकेत आहे. तिथला पट्टेवाला लहान मासा वर्षानुवर्षे व्हिटॅटस म्हणून नोंदला जात होता; २०१६ मध्ये तो मिस्टस नॅनस ही वेगळी जाती ठरला. ईशान्येकडचा चिमुकला कार्सिओ हाही असाच दुसऱ्या नावाखाली दडलेला होता. २०१० मध्ये त्याचे पुन्हा वर्णन करून त्याला स्वतंत्र जागा मिळाली.

वसापक्ष आखूड आणि मागे, अंगावर पट्टे नाहीत, वरून निळसर तपकिरी, खालून मळकट पांढरे, डोक्याचे हाड खरखरीत. मासा खाडीतून किंवा मचूळ पाण्यातून आलेला. मिस्टस गुलिओ. कोकणच्या खाड्यांत हाच बहुधा भेटतो. नाकपुडीची मिशी पुन्हा एकदा तपासा, कारण त्याच जाळ्यात एरिडीची पिल्लेही येतात.

सह्याद्रीच्या पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या, विशेषतः दक्षिण कोकण, गोवा आणि पुढे. इथे वरची नावे पुरत नाहीत. मलबारिकस, माँटॅनस, आर्माटस, ऑक्युलॅटस या दक्षिणेतल्या जातींची मूळ वर्णने समोर ठेवल्याशिवाय नाव लिहू नका. ही तुलना करता येत नसेल तर प्रजातीवरच थांबा.

सावध: डीएनएचा सीओआय हा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा उपयोगी आहे, पण तो निवाडा नव्हे. सार्वजनिक डेटाबेसमध्ये चुकीच्या नावाने ठेवलेले तुकडे बरेच आहेत. ९९ टक्के जुळणी म्हणजे तुमचा मासा कुणाच्या तरी माशासारखा आहे एवढेच. त्या कुणाने मासा नीट ओळखला होता का, हे तो आकडा सांगत नाही. जुळलेल्या तुकड्यामागे संग्रहालयात ठेवलेला नमुना आहे का आणि तो कोणत्या नदीतला, हे पाहा. दक्षिण आशियातले आणि आग्नेय आशियातले मिस्टस एकाच पूर्वजाचे नसावेत असे रेणवीय अभ्यास सुचवतात, म्हणजे ही प्रजातीच पुढे फुटू शकते. आज घेतलेली मापे तेव्हाही लागतील.

टप्पा ८: नाव लिहिणे आणि नमुना जमा करणे

रोमन लिपीत नाव लिहिताना प्रजातीचे पहिले अक्षर मोठे, जातीचे लहान, दोन्ही तिरप्या ठशात. पुढे नाव देणारा आणि वर्ष. मासा मुळात दुसऱ्या प्रजातीत वर्णिला असेल तरच लेखक आणि वर्ष कंसात. ब्लॉकने व्हिटॅटसला सिल्युरस या प्रजातीत ठेवले होते, म्हणून ‘मिस्टस व्हिटॅटस (ब्लॉक, १७९४)’. कंस सजावटीचा नाही. तो गाळला किंवा उगाच घातला तर वाचणाऱ्याला चुकीची माहिती मिळते.

जुन्या ग्रंथांतली मॅक्रोन्स, एओरिक्थिस ही नावे जशीच्या तशी उचलू नका. मॅक्रोन्स हे नाव आधीच एका भुंगेऱ्याला दिलेले असल्याने माशांसाठी बाद आहे; एओरिक्थिसखालचे मासे आता स्पेराटात आहेत. प्रत्येक नाव कॅलिफोर्निया अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या मत्स्यनामांच्या ऑनलाइन सूचीत तपासा. ती सूची वारंवार अद्ययावत होते, त्यामुळे तपासल्याची तारीखही नोंदवा.

खात्री जितकी तितकेच लिहा. फक्त प्रजाती ठरली असेल तर ‘मिस्टस एसपी.’, एका जातीच्या जवळ जातो पण तुलना बाकी आहे तर मध्ये ‘सीएफ.’, जवळचा पण वेगळा वाटतो तर ‘अ‍ॅफ.’. परीक्षक नाव पुरे करा म्हणतील, तरी करू नका. यादीतले एक अर्धे नाव पुढच्या अभ्यासकाला शोधायला लावते, चुकीचे पुरे नाव त्याला थांबवते.

शेवटी नमुने सार्वजनिक संग्रहात द्या: पुण्यातले भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र, मुंबईतली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, किंवा तुमच्या विद्यापीठाचे नोंदवही असलेले संग्रहालय. महाविद्यालयाच्या कपाटातली क्रमांक नसलेली बाटली दुसऱ्या कुणाला तपासता येत नाही. नमुना, डीएनएची कुपी आणि पाच फोटो यांना एकच क्रमांक द्या, संग्रहालयाने दिलेला क्रमांक त्यासमोर लिहा, आणि यादीत प्रत्येक जातीच्या ओळीत तो क्रमांक छापा. ज्या ओळीत क्रमांक लिहिता येत नाही, तिथे ती नोंद कशावरून घेतली ते स्पष्ट लिहा: फोटो, मच्छीमाराने सांगितलेले, की जुन्या यादीतून.